पद्मिनीच्या स्टेअरिंगचे टेपर जॉइंट निघत नाहीत, आर्मला धक्का न लावता कसे काढावेत?

पद्मिनी_कर्वेनगर

नमस्कार मंडळी. बाबांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आता माझ्याकडे आहे. इंजिन, गिअरबॉक्स ठणठणीत. स्टेअरिंगला मात्र प्ले (ढिलेपणा) इतका वाढला होता की सिंहगड रस्त्याला सरळ चालवतानाही हात सारखे डावीकडे-उजवीकडे करावे लागायचे. शेवटी गाडी पुढून उचलली. भावाने स्टेअरिंग हलवलं आणि मी खाली एकेका जॉइंटवर बोट ठेवून पाहिलं. बाहेरच्या दोन्ही टाय रॉड एंडमध्ये (चाकांना वळवणाऱ्या रॉडच्या टोकांचे जॉइंट) आणि आयडलर आर्मकडच्या (मधल्या रॉडचं दुसरं टोक धरून ठेवणारा आर्म) जॉइंटमध्ये टकटक स्पष्ट लागते. नाना पेठेत फिरून नवे जॉइंट मिळवले.

उजवीकडचा बाहेरचा जॉइंट पुलरने (जॉइंट दाबून बाहेर काढायचं अवजार) सुटला. डावीकडचा जागचा हलत नाही. स्प्लिट पिन काढली, कॅसल नट सैल केला, रात्रभर डब्ल्यूडी-४० मुरू दिलं, मग पुलरचा बोल्ट पान्याला पाइप लावून आवळला. पुलरचे पायच फाकायला लागले तेव्हा थांबले. आयडलरकडे तर पुलर बसतच नाही, क्रॉस मेंबर आडवा येतो.

ओळखीचे मेकॅनिक म्हणतात, गॅसने लाल करू आणि घणाने पाडू. मला ते नको आहे. जुने जॉइंट मेले तरी चालतील, पण ज्या आर्मच्या भोकात ते बसतात तो आर्म जाता कामा नये. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला बंद झाली. टॅक्सीवाल्यांमुळे जे सुटे भाग बाजारात फिरत होते ते आता शोधावे लागतात. जॉइंट, बुश असलं काही अजून मिळतं, पण स्टेअरिंगचा आर्म कुठल्या दुकानात मागायचा?

हा टेपर एवढा घट्ट का धरतो आणि आर्मला इजा न होता तो काढायची खात्रीची पद्धत कोणती, हे ज्यांनी हाताने केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

भोसरीचा_टर्नर

ताई, पुलर फाकायला लागल्यावर थांबलात हे फार चांगलं केलंत. ताणलेला पुलर सटकला की सरळ तोंडावर येतो. आधी तो का धरतो ते सांगतो, ते कळलं की काढायचं कसं हे निम्मं कळतं.

जॉइंटचा स्टड, म्हणजे आर्मच्या भोकात बसणारा खुंट, टोकाकडे निमुळता असतो; तोच टेपर. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो १:८ च्या आसपास असतो. ८ मिमी लांबीत व्यास १ मिमीने उतरतो. पूर्ण कोन साधारण ७ अंश, म्हणजे मध्यरेषेपासून एका बाजूला साडेतीन. कोरड्या पोलादावर पोलाद घसरायला सात-आठ अंशांचा उतार लागतो. इथे उतार त्याच्या निम्माच आहे, म्हणून एकदा बसलेला स्टड नट काढला तरी आपणहून सुटत नाही. लेथच्या टेलस्टॉकमध्ये मोर्स टेपरचं ड्रिल कुठल्याही नटाशिवाय धरून राहतं त्याचंही कारण हेच. तिथे टेपर १:२० च्या जवळ असतो, म्हणून ते आणखी घट्ट.

आता हिशोब बघा. नटाने स्टड जेवढ्या जोराने ओढला त्याच्या चौपट-पाचपट दाब टेपरच्या भिंतीवर पडतो. पण सोडवायला लागणारी ओढ मात्र बसवतानाच्या ओढीच्या निम्म्याहून कमी पुरायला हवी. नव्याने बसवलेल्या जॉइंटचं खरोखरच तसं असतं, म्हणून तो लगेच निघतो. वर्षानुवर्षं चाललेल्या जॉइंटमध्ये खड्ड्यांच्या दणक्यांनी स्टड कणाकणाने आणखी आत गेलेला असतो. शिवाय कडेने पाणी शिरून गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते आणि ती तो भिंती दाबूनच मिळवतो. त्यामुळे नुसती ओढ वाढवत नेलीत तर आधी पुलर वाकेल, मग स्टडचे आटे जातील, टेपर तिथेच राहील.

ओढ द्यायचीच, पण बेताची, आणि त्याच वेळी भोकाचा आकार क्षणभर बदलायला लावायचा. आर्मच्या ज्या टोकात टेपर बसलाय त्या टोकाच्या बाजूवर ठोका बसला की गोल भोक क्षणभर लांबट होतं, भिंतीवरचा दाब एका जागी सुटतो आणि ताणलेला स्टड तेवढ्यात निसटतो.

कृती अशी. चाक काढा, स्टेअरिंग पूर्ण वळवून आर्म मोकळ्या जागेत आणा. नट पूर्ण काढू नका. तो उलटा करून स्टडच्या टोकाशी सपाट येईल इतकाच फिरवून ठेवा, म्हणजे पुलरचा बोल्ट नटावर आणि स्टडवर मिळून बसतो, आटे दबत नाहीत आणि सुटल्यावर रॉड खाली आदळत नाही. नट आणि आर्ममध्ये दोन-तीन मिमी फट मात्र हवी. पुलरच्या बोल्टाला ग्रीस लावा आणि साध्या पान्याने, पाइप न लावता, चांगला ताण येईल इतका आवळा.

मग आर्मच्या टोकाच्या एका बाजूला जड हातोडा, दोन किलोचा असला तर उत्तम, घट्ट टेकवून धरा. ही झाली ऐरण. बरोबर समोरच्या बाजूने एक किलोच्या हातोड्याने सरळ, आखूड, टणक ठोके द्या. मागे हातोडा धरला नाही तर ठोक्याची सगळी ताकद आर्म झुलवण्यात जाते. ठोका आर्मवर द्यायचा, स्टडवर नाही आणि जॉइंटच्या वाटीवरही (स्टडचा गोळा ज्यात फिरतो ते घर) नाही. चार-सहा ठोक्यांत नाही सुटला तर पुलर पाव फेरा आवळा आणि पुन्हा ठोका.

डोळ्यांना गॉगल हवाच. दोन हातोडे एकमेकांवर थेट आपटू देऊ नका. दोन्हींची तोंडं कडक केलेली असतात, त्यांची कपची उडते.

अ‍ॅम्बी_सातारारोड

टर्नरकाकांना अनुमोदन. तरी फोर्कचा विचार कराच. माझ्या अ‍ॅम्बॅसेडरला रॅक अँड पिनियन आहे, पण टाय रॉडच्या टोकाचा जॉइंट तसाच टेपरचा. दोन दातांची ती पाचर जॉइंट आणि आर्मच्या मध्ये घालून मागून ठोकायची. जुन्या बाजारातून रविवारी घेतलेला फोर्क इतकी वर्षं वापरतोय. बूट (जॉइंटवरचं रबरी आवरण) फाटतो हे खरं, पण ताईंना जुना जॉइंट टाकूनच द्यायचाय, मग बुटाची काळजी कशाला?

भोसरीचा_टर्नर

दादा, फोर्कला माझी ना नाही, पण तो दुसऱ्या नंबरचा उपाय. पाचरीचा सगळा जोर एका बाजूने येतो, स्टड तिरका दाबला जातो आणि दात आर्मच्या खालच्या तोंडावर चरे पाडतात. शिवाय दात रुंद निघाले तर पुढेच जात नाहीत आणि अरुंद असले तर स्टडलाच चावतात. जिथे हातोडा फिरवायला जागा नाही तिथे फोर्क काढा. ज्यांना जॉइंट पुन्हा वापरायचाय, नुसतं किंग पिनच्या (चाक ज्या खिळ्यावर वळतं तो) कामासाठी सोडवायचाय, त्यांनी तर फोर्कला हात लावू नये. फाटलेल्या बुटातून पहिल्याच पावसात चिखल आत जातो आणि चांगला जॉइंट वर्षाच्या आत खडखडायला लागतो.

फोर्जिंग_मुंढवा

गॅसबद्दल बोलतो, कारण माझं रोजचं काम याच धातूचं आहे.

स्टेअरिंगचे आर्म फोर्ज करून, पाण्यात किंवा तेलात विझवून, मग पुन्हा तापवून टेम्पर केलेले असतात. या शेवटच्या टेम्परिंगमुळे त्यांना ताकद आणि चिवटपणा दोन्ही मिळतात. टेम्परिंग कित्येक शे अंशांवर होतं. त्याखालच्या तापमानाने आर्मचं फार काही बिघडत नाही. त्याच्या वर गेलात की गुण बदलतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. आर्म दिसायला तसाच राहतो, पण मऊ झालेला असतो. आणि लाल झालेल्यावर पाणी मारलं तर उलट ठिसूळ होतो. कात्रजच्या घाटात वळणावर असताना आर्म वाकला किंवा तुटला तर काय होईल याची कल्पना प्रत्येकाने करावी.

धातू स्वतः तापमान सांगतो, फक्त जागा आधी घासून चकचकीत करा. सव्वादोनशेच्या सुमारास गवती पिवळा रंग चढतो, तीनशेच्या आसपास निळा. सावलीत मंद लाल दिसायला लागलं म्हणजे पाचशेच्या पुढे गेलात. माझं स्पष्ट मत आहे की पिवळा रंगसुद्धा येऊ देऊ नये, कारण त्याची गरजच नाही. १५ मिमीचं भोक १०० अंशांनी तापलं तर सुमारे १८ मायक्रॉन फाकतं. ऐकायला नगण्य वाटेल, पण १:८ च्या टेपरवर तेवढ्याने स्टडला लांबीत जवळपास ०.१४ मिमी ढील मिळते. जाम झालेला टेपर सुटायला ती पुष्कळ आहे.

अट एकच, आर्म तापला पाहिजे आणि स्टड गार राहिला पाहिजे. म्हणून पटकन तापवायचं, आर्मच्या बाहेरच्या अंगाने, आणि लगेच ठोकायचं. हीट गन पुरते. उघडी ज्योत लावायचीच झाली तर आधी फवारलेलं तेल पुसून कोरडं करा, ते पेट घेतं. ब्रेकचा होज पाइप शेजारीच असतो, त्याला ओल्या फडक्याने झाका. आणि जॉइंटच्या वाटीवर ज्योत कधीही धरू नका. आत ग्रीस बंद असतं, ते तापून दाब वाढला की वाटी फुटते, उकळतं ग्रीस अंगावर येतं.

जीप_पाषाण

पद्धतींवर सगळे बोलले. ताई, गाडी उभी कशावर आहे? सोसायटीचं पार्किंग म्हणजे पेव्हर ब्लॉक असणार. त्यावर स्टँडचे पाय एकेका ब्लॉकवर येतात आणि खाली वाळू असते. ठोकाठोक सुरू झाली की ब्लॉक खचतो. स्टँडखाली जाड प्लायची फळी घाला, मागच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके लावा आणि काढलेलं चाक आडवं करून सिलखाली (दरवाजाखालची कड) सरकवून ठेवा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊन हातोडा मारणारे मी पाहिलेत. तसं करू नका. घाई करू नका.

पद्मिनी_कर्वेनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. जीपदादा, पेव्हर ब्लॉकच आहेत. आज बोहरी आळीतून दोन किलोचा हातोडा आणला आणि येताना १८ मिमी प्लायचे तुकडेही.

काम सुरू करण्याआधी एक विचारते. रॉडवरून जुना जॉइंट फिरवून काढताना आटे मोजून ठेवू की लांबी मोजू?

अ‍ॅम्बी_सातारारोड

दोन्ही करा, पण विश्वास लांबीवर ठेवा. नव्या जॉइंटच्या आट्यांची लांबी जुन्याइतकीच असेल असं नाही, त्यामुळे तेवढेच आटे फिरवले तरी रॉड कमी-जास्त भरतो. एका स्टडच्या मध्यापासून दुसऱ्या स्टडच्या मध्यापर्यंत अंतर मोजून कागदावर लिहा. रॉडच्या एका टोकाला सरळ आटे आणि दुसऱ्या टोकाला उलटे असतात. फिरत नाही म्हणून जोर करण्याआधी कुठलं टोक हातात आहे ते बघा. क्लॅम्पचे बोल्ट पूर्ण सैल करा आणि स्लीव्हच्या (आटे असलेली नळी, जी फिरवून रॉडची लांबी बदलते) फटीत आदल्या दिवशीच तेल सोडा, तिथेही गंज असतो.

पद्मिनी_कर्वेनगर

सुटला!

काकांनी सांगितलं तसंच केलं. पुलरला ताण दिला, भावाने मागे दोन किलोचा हातोडा दाबून धरला आणि मी समोरून ठोके दिले. पहिले ठोके दबके येत होते. भावाने पकड बदलून हातोडा नीट सपाट टेकवला तसा ठोक्याचा आवाज बदलला, टणक झाला. त्यानंतर लगेच टक् असा कोरडा आवाज आला आणि पुलर सैल पडला. हीट गन लागलीच नाही.

सुटलेला स्टड हातात घेऊन बराच वेळ पाहिला. जाड बाजूला, वाटीच्या लगत, तपकिरी गंजाचं कडं आहे. त्याच्यापुढे बराचसा भाग करडा, मंद चमकणारा, तिथे धातू धातूला धरून होता. टोकाकडे पुन्हा थोडं काळपट. म्हणजे गंज खरं तर कडेलाच होता, बाकी सगळं काम टेपरच्या पकडीचं. काकांनी हिशोबाने सांगितलेलं या एवढ्याशा तुकड्यावर दिसतंय. आर्मला कुठेही वाक नाही, ठोक्याच्या जागी फक्त रंग उडालाय.

आता आयडलरकडचा जॉइंट. तिथे मागे हातोडा धरायलाही जागा नाही आणि समोरून फिरवायलाही.

भोसरीचा_टर्नर

शाब्बास ताई. गाडीखाली जागा नसेल तर काम गाडीखाली करायचंच नाही. आयडलरचा ब्रॅकेट बोल्ट काढून जागेवरून मोकळा करा, मधला रॉड दुसऱ्या टोकाला सोडवा आणि आयडलर, ब्रॅकेट, रॉड असं सगळं एकत्र बाहेर काढा. ब्रॅकेटखाली शिम (पातळ चकत्या) असतील तर कुठल्या बोल्टाखाली कुठली, ते तारेत ओवून ठेवा. मग जाड व्हाइसमध्ये आयडलरचं टोक धरा. व्हाइसचा अचल जबडाच मागच्या हातोड्याचं काम करतो. बाकी तेच, पुलरचा ताण आणि बाजूवर ठोका. वर्कशॉपमध्ये हे मिनिटांचं काम आहे. आयडलर हातात आलाय तर त्याचा बुशही बघून घ्या. वर-खाली हलत असेल तर नवे जॉइंट घालूनही प्ले पूर्ण जाणार नाही.

मधल्या रॉडचं दुसरं टोक सोडवताना ड्रॉप आर्मला मात्र हातोडा लावू नका, हे मी ठळक सांगतो. ड्रॉप आर्म स्टेअरिंग बॉक्समधून बाहेर आलेल्या शाफ्टवर असतो. त्याच्यावर दिलेला ठोका सरळ आत वर्म आणि रोलरवर जातो, तिथे बारीक खड्डे पडतात आणि स्टेअरिंग त्या जागी अडखळायला लागतं. तिथे फक्त पुलर, हीट गन आणि धीर. ताण देऊन रात्रभर तसंच सोडा, पुष्कळदा सकाळी आपणहून सुटलेलं सापडतं. खुद्द ड्रॉप आर्म शाफ्टवरून काढायची तुम्हाला गरज नाही, काढू नका. कधी काढावाच लागला तर आधी आर्म आणि शाफ्टवर मिळून खूण करा, नाहीतर एक दात इकडे-तिकडे बसला की स्टेअरिंग सरळ असताना चाकं तिरकी राहतात.

जुनेसोने_निगडी

माझ्या गाडीच्या आर्मचं भोक मोठं झालंय, नवा जॉइंट जास्त आत जातो. आमच्याकडे एका ठिकाणी आर्मच्या भोकात वेल्डिंग भरून पुन्हा टेपर रीमर फिरवून देतात. स्वस्तात होतं. ताईंचं भोक बिघडलेलं निघालं तर हाही पर्याय आहे.

फोर्जिंग_मुंढवा

हा पर्याय नाही. माफ करा, पण इथे मऊ शब्द वापरता येणार नाही. वेल्डिंगच्या जागेला धातू वितळतो आणि त्याच्या शेजारच्या पट्ट्यात एकीकडे कडक, एकीकडे मऊ असे थर तयार होतात. तडा तिथूनच सुरू होतो आणि बाहेरून दिसेपर्यंत आत बराच पोचलेला असतो. दरवाजाची बिजागरी वेल्ड करा, मडगार्ड करा, सीटची फ्रेम करा. स्टेअरिंगचा आर्म, नकल (चाक धरणारा वळणारा भाग), ड्रॉप आर्म यांना वेल्डिंगची कांडी लावू नये. दादा, तुमची गाडी सध्या चालवत असाल तर कृपया थांबवा आणि दुसरा आर्म शोधा. भंगारात गेलेल्या गाडीचा सरळ आर्म मिळाला तरी तो यापेक्षा हजारपट चांगला.

भोसरीचा_टर्नर

पूर्ण सहमत. आणि भोक बिघडलंय की जॉइंटचाच टेपर चुकीचा आहे हे आधी तपासा. बाजारात एकाच डब्यात वेगवेगळ्या मापाचे जॉइंट निघतात. आर्मचा दोष नसताना आर्म बदलला जातो.

तपासणी सोपी आहे. भोक आणि स्टड दोन्ही पेट्रोलच्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडे करा. स्टडवर मार्किंग ब्लूचा (कुठे टेकतं ते दाखवणारा निळा रंग) अगदी पातळ थर द्या, बोटाने पुसून राहील इतकाच. हाताने स्टड भोकात बसवा, किंचित दाबून जरासा फिरवा आणि सरळ बाहेर काढा. भोकात निळा डाग वरपासून खालपर्यंत सलग उठला तर जोडी जमली. फक्त एका तोंडाशी गोल कडं उठलं तर टेपरचे कोन जुळत नाहीत, तो जॉइंट दुकानात परत करा. डाग समोरासमोरच्या दोन बाजूंवर उठला आणि मधे कोरं राहिलं तर भोक लांबट झालंय, मग आर्मच बदलायचा.

दुसरी खूण नटाची. योग्य जोडीत नट पूर्ण आवळल्यावर स्प्लिट पिनचं भोक नटाच्या खाचांमध्ये दिसतं. ते नटाच्या वर निघून गेलं तर स्टड जास्त आत जातोय. अशा वेळी नटाखाली वॉशर घालून भोक जुळवून देणारे आहेत. वॉशर घातल्याने पिन बसते, टेपर बसत नाही. असा जॉइंट कुणी बसवून दिला असेल तर गाडी ताब्यात घेऊ नका.

पद्मिनी_कर्वेनगर

आयडलर बाहेर काढला, ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्यांच्या व्हाइसमध्ये धरून जॉइंट सहज निघाला. शिम खरोखर होत्या, डावी-उजवी वेगळी, तारेत ओवून ठेवल्यात. आयडलरचा बुश वर-खाली हलतोय, त्यामुळे तोही बदलते.

निळा लावून तिन्ही जोड्या तपासल्या. बाहेरच्या दोन्ही बाजूंना डाग सलग आहे. आयडलरकडच्या नव्या जॉइंटचा डाग मात्र फक्त रुंद तोंडाशी, अर्ध्या बोटाएवढी पट्टी. नाना पेठेत परत नेला, दुकानदारांनी कुरकूर न करता तीन-चार काढून दाखवले. जुना जॉइंट बरोबर नेला होता म्हणून शेजारी शेजारी धरून बघता आले. एक जुळला. बसवण्याआधी हे कळलं नसतं तर मी तोच घालून मोकळी झाले असते.

आता नवीन अडचण. डावा जॉइंट बसवताना नट आवळतेय तर नटाबरोबर स्टडही फिरतोय.

जीप_पाषाण

स्टड टेपरमध्ये अजून धरलेला नाही म्हणून फिरतो. जॉइंटच्या वाटीखाली छोटा जॅक आणि लाकडाचा ठोकळा लावून स्टड भोकात दाबून धरा आणि मग नट आवळा. दोन-तीन फेऱ्यांत टेपर चावा घेतो आणि फिरणं थांबतं. नटाचे आटे आधी वायर ब्रशने साफ करून तेलाचा एक थेंब द्या. बुटावर जॅक टेकवू नका. काढतानाही कधी हा प्रकार झाला तर उपाय तोच.

अ‍ॅम्बी_सातारारोड

टेपरवर ग्रीस लावायचं का? आमच्याकडे एक जण लावतात, पुढच्या वेळी सहज निघावं म्हणून.

भोसरीचा_टर्नर

टेपर कोरडाच बसवायचा. सगळी पकड घर्षणाची आहे, तेच कमी करून कसं चालेल? ग्रीस असलं की त्याच आवळण्याला स्टड जास्त आत ओढला जातो, भोकाच्या भिंतीवर दाब वाढतो आणि भोक फाकायची भीती. पुढच्या वेळची सोय हवी असेल तर बसवून झाल्यावर बाहेरून, आर्म आणि बुटाच्या मधल्या फटीत ग्रीसचा कडा द्या. पाणी आत शिरलं नाही की गंज नाही.

नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. खाच आणि भोक जुळत नसेल तर पुढे आवळून जुळवायचं, मागे सैल करून कधीही नाही. स्प्लिट पिन नवी, भोकात हलणार नाही इतकी जाड. एक पाय स्टडच्या टोकावरून वर वळवा, दुसरा नटाच्या अंगाला खाली. जुनी पिन सरळ करून परत वापरायची नाही, वाकलेल्या जागी ती आधीच अर्धी तुटलेली असते.

पद्मिनी_कर्वेनगर

सगळं बसलं. जॅक आणि ठोकळ्याने स्टड फिरायचा थांबला. लांबी कागदावरच्या आकड्याला जुळवली, क्लॅम्प आवळले, निपलमधून ग्रीस भरलं. गाडी चाकांवर उतरवल्यावर स्टेअरिंगचा प्ले बोटभरही राहिलेला नाही.

अलाइनमेंटला गेले तर पहिल्या ठिकाणी सांगितलं, मशीनमध्ये या गाडीचा डेटाच नाही, होणार नाही. आता काय करायचं?

अ‍ॅम्बी_सातारारोड

मॅन्युअलमधला टो-इनचा (पुढची चाकं समोरून किती आत वळलेली असावीत त्याचा) आकडा कागदावर लिहून न्या आणि सांगा की यादीतली गाडी निवडू नका, नुसतं मोजून दाखवा. मशीन कुठल्याही गाडीचं मोजतं. जुने कारागीर लगेच ऐकतात. दोन्ही बाजूंचे स्लीव्ह सारखेच फिरवायला सांगा, एकच फिरवला तर टो-इन बरोबर येतं पण स्टेअरिंग वाकडं राहतं. तिथपर्यंत जायला घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर टायरच्या मध्यावर खडूची रेघ फिरवून काढा, पुढच्या बाजूने दोन रेघांमधलं अंतर मोजा, गाडी अर्धा फेरा पुढे ढकलून त्याच रेघांचं अंतर मागच्या बाजूने मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे टो. आमच्या पिढीने असंच केलंय.

हेरल्ड_औंध

हा धागा सापडला म्हणून बरं झालं. माझ्याकडे स्टँडर्ड हेरल्ड आहे, रॅक अँड पिनियनची. बाहेरचे दोन्ही जॉइंट अडकलेत आणि एका बाजूचे आटे आधीच कुणीतरी ठोकून दाबलेत, नट निम्म्यावर येऊन थांबतो. पुलर माझ्याकडे नाही. कुठून सुरुवात करू?

भोसरीचा_टर्नर

दादा, नट निम्म्यावर थांबतोय तर जोर करून पुढे काढू नका, स्टड फिरायला लागेल आणि दोन्हीकडून अडकाल. नट तिथेच राहू द्या, टेपर सुटायला तेवढी फट पुरते. आधी टेपर सोडवा. जॉइंट मोकळा झाला की नट हॅकसॉने स्टडला समांतर कापा. आर्मवर करवत जाऊ नये म्हणून मधे पत्र्याचा तुकडा धरा. दोन्ही बाजूंचे फोटो इथे टाका, नटाचा आणि आर्मच्या टोकाचा, जवळून.

पद्मिनी_कर्वेनगर

हेरल्डदादा, माझा पुलर आणि दोन किलोचा हातोडा आता मोकळा आहे, शनिवारी कर्वेनगरहून घेऊन जा. मागून हातोडा धरायला एक माणूस मात्र बरोबर ठेवा. आणि स्टँडखाली घालायचे प्लायचे तुकडेही देते.